लांडग्याचा आवाज

लांडग्याचा आवाज आनंदाबाईंकडे आधीपासून तयार होता. लांडगा मागाहून आला.

खापरझरी हे समुद्रपूर तालुक्यातलं लहानसं गाव. गावाला जिल्हा परिषदेची एक शाळा, शाळेत पाचवीपर्यंतची अठ्ठेचाळीस मुलं, आणि त्या मुलांची खिचडी रांधायला आनंदाबाई. चौदा वर्षं त्या हे काम करत होत्या. नवरा केव्हाच वारलेला, मुलगी लग्न होऊन हिंगणघाटला. घरात सोबतीला होता तो भुऱ्या, आणि भुऱ्या कुत्रा होता.

रोज सकाळी तो आनंदाबाईंच्या पुढे चालत शाळेत यायचा. स्वयंपाकघराबाहेरच्या कडुनिंबाखाली चारी पाय ताणून पडायचा आणि शाळा सुटली की पहिलीच्या पोरांना फाटकापर्यंत सोडायला जायचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तान्ह्या पोळ्याला मुलं आपले लाकडी बैल सजवतात ना, त्यातल्याच एका बैलाचं पितळी घुंगरू काढून मुलांनी त्याच्या पट्ट्याला बांधलं होतं. त्यामुळे भुऱ्या कुठे आहे ते वर्गात बसूनही कळायचं.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी तो घरी परतला नाही. बुधवारी खिचडी वाढून झाल्यावर आनंदाबाईंनी सगळं शिवार पालथं घातलं. भैयाजींच्या तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, त्यांना बांबूच्या खुंट्यांची एक ओळ दिसली. ओळीखालचं गवत सरळ रेषेत करपलं होतं. एका खुंटीला करडे केस चिकटले होते आणि केस जळाल्याचा वास अजून गेला नव्हता. तार मात्र कुठेच नव्हती. ती कोणीतरी घाईघाईने गुंडाळून नेली होती.

रानडुकरांपासून पीक वाचवायला गावात बहुतेकांनी झटक्याची मशीन बसवली होती. तिच्या तारेला लागलं की जनावर दचकतं, पळतं, पण मरत नाही. भैयाजींना मशीनचा भरवसा नव्हता. ते जागलीला शेतात जायचे खरे, पण जागायचे नाहीत. त्यांचं घोरणं तीन वावरांपलीकडे ऐकू जातं अशी गावात थट्टा होती. म्हणून ते विहिरीच्या मोटारीवरून सरळ तारेत करंट सोडायचे आणि झोपायचे. हा गुन्हा आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि गावालाही ठाऊक होतं. पण गावातलं एकुलतं एक कृषी केंद्र त्यांचं, आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्षही तेच. त्यामुळे कोणी बोलत नसे.

संध्याकाळी आनंदाबाई त्यांच्या दुकानासमोर जाऊन उभ्या राहिल्या. बाकावर नेहमीचे चौघे बसले होते.

"भैयाजी, माहा भुऱ्या तुमच्या तारेवर मेला का?"

भैयाजींनी आधी घसा साफ केला. बोलण्याआधी 'अहं' करायची त्यांना सवयच होती.

"अहं. कोनती तार? आपला काई संबंध नाई. वाघरानं नेलं असन. समजलं का नाई?"

"खुंटीले केस हायत त्याचे."

"केस तं माह्या सदऱ्याले बी सापडतीन कोनाकोनाचे." भैयाजींनी बाकाकडे पाहिलं. "पोट्ट्यायची खिचडी खाऊन माजलं होतं थे. गेलं तं बरंच झालं. तेवढे तांदूळ वाचले."

चौघे हसले. वासुदेवरावांनी तर मांडीवर थाप मारली. हेच वासुदेवराव दर आठवड्याला भुऱ्याला बिस्किटं घालायचे.

आनंदाबाई घरी आल्या. त्या रडल्या नाहीत. चुलीसमोर बसून त्यांनी एकदा 'अहं' म्हणून पाहिलं. नीट जमलं नाही. भैयाजींचा 'अहं' घशातून निघून नाकात जातो. मग त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं.

त्यांचे वडील खडी गंमत करणाऱ्या मंडळात होते. खडी गंमत म्हणजे उभ्याउभ्या रंगणारा इकडचा जुना तमाशासारखा खेळ. वडील एका तोंडाने सावकार, सासू, शिपाई, म्हातारी असे सगळे आवाज काढायचे आणि मागे उभी राहून लहानगी आनंदा ते ओठातल्या ओठात गिरवायची. ती विद्या पन्नास वर्षं अंगात तशीच पडून होती. आता आनंदाबाई रोज भाकरी थापताना भैयाजींचा आवाज घासत बसल्या. 'आपला काई संबंध नाई.' 'समजलं का नाई.' आठव्या दिवशी शेजारणीने भिंतीपलीकडून विचारलं, "भैयाजी आलते का तुमच्या घरी?" तेव्हा त्यांना कळलं की आवाज पक्का झाला.

त्याचं काय करायचं ते अजून ठरलं नव्हतं. काय हवं ते मात्र ठरलं होतं. तार माझी होती, एवढं त्या माणसाने चार लोकांत म्हणावं. त्याच चार लोकांत.

शनिवारी सकाळची शाळा असते आणि त्या दिवशी मुलांना दप्तर आणायचं नसतं. योगेंद्र सर सिंदी मेघेहून मोटरसायकलने यायचे. वयाने तरुण, मुलांसाठी सतत काहीतरी शोधून आणणारे. त्या शनिवारी त्यांनी पेनड्राइव्हवर एक जुना सिनेमा आणून वर्गातल्या टीव्हीवर लावला. हाताने काढलेल्या चित्रांचा, प्राण्यांचा. अस्वलाच्या एका पिल्लाची आई हरवते आणि एक बदक, एक साळिंदर आणि एक म्हातारा घोडा त्याला घेऊन तिला शोधायला निघतात. चित्रं अशी सुरेख की पाण्यातली सावलीसुद्धा हलायची. अडचण एकच होती. सिनेमा कुठल्या तरी परदेशी भाषेत होता. मराठी नाही, हिंदी नाही, सरांनाही एक शब्द कळत नव्हता.

दहा मिनिटांत वर्गात चुळबुळ सुरू झाली.

"सर, थे बदक काय म्हणून राह्यलं?" पाचवीतल्या जागृतीने विचारलं.

"चित्र पाहा ना, चित्रावरून समजतं."

"तुमाले समजलं का?"

आनंदाबाई रिकामी परात घेऊन दारातून चालल्या होत्या. टीव्हीवर बदक चिखलात उभं राहून चोच उघडझाप करत होतं.

"पाय भिजले ना बाप्पा माहे," आनंदाबाई किनऱ्या आवाजात म्हणाल्या. "सांगत होतो मी, सडकेनं जाऊ, सडकेनं जाऊ. गरिबाचं ऐकते कोन."

वर्ग खदखदून हसला. साळिंदराने मान वळवली, तर आनंदाबाईंनी त्यालाही आवाज दिला, जाडा आणि आळशी. मग घोड्याला दिला, दम लागलेला. सरांनी हळूच टीव्हीचा आवाज बंद केला आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. त्या बसल्या नाहीत. परातीवर झारा आपटून त्यांनी घोड्याच्या टापा केल्या. एका मुलाला पाठवून त्यांनी डब्यात तुरीच्या वाळक्या शेंगा भरून आणवल्या आणि तो डबा हलवून रान सळसळवलं.

आणि मग टेकडीवर लांडगा आला.

करडा, हाडकुळा, एक कान फाटलेला. तो काहीच करत नव्हता. नुसता उभा राहून खाली चाललेल्या चौघांकडे पाहत होता. मग त्याने तोंड उघडलं.

आनंदाबाईंना विचार करावा लागला नाही.

"अहं," लांडगा म्हणाला. "कोनाची माय हरवली? आपला काई संबंध नाई. समजलं का नाई?"

मागच्या रांगेतून अंकित नावाचा पोरगा हळूच म्हणाला, "भैयाजी."

एवढा हशा उठला की सरांना काय झालं ते कळेना. ते गावचे नव्हते. दुसऱ्या रांगेत भैयाजींची नात आचल बसली होती, तिसरीतली. तीही हसत होती. शेजारच्या मुलीला कौतुकाने सांगत होती, "माहे आबाजी अस्सेच बोलते."

दर शनिवारी अर्धा तास, याप्रमाणे सिनेमा पुरवायचा असं ठरलं. त्या आठवड्यात लांडगा गावभर फिरला. गोट्या हरलेला पोरगा म्हणे, "आपला काई संबंध नाई." आई हाक मारी, पोरगी म्हणे, "अहं." कृषी केंद्रासमोरून जाताना मुलं ओळीने तोंड दाबून जात. बाकावरच्या चौघांनाही चौथ्या दिवशी उमगलं. ते भैयाजींसमोर हसले नाहीत. भैयाजी आत गेल्यावर हसले.

पुढच्या शनिवारच्या आदल्या दिवशी सर स्वयंपाकघरात आले.

"मावशी, आपण पुढचा भाग आधी पाहून घ्यायचा का? शेवटपर्यंत? म्हणजे तुम्हाला बोलायला सोपं जाईल."

"काऊन? आधी पाह्यलं तं शिळं होते. आणि शेवट मले माहीत हाय, सर."

"कसा काय?"

"लांडग्याचा शेवट काय वेगळा असते का?" आनंदाबाई कांदा चिरत राहिल्या.

सर वर्गाकडे परत गेले.

दुसऱ्या शनिवारी आनंदाबाईंनी हात सैल सोडला. चित्रात एवढंच होतं की पिल्लाला बर्फात आईच्या पावलांचे ठसे सापडतात, ठसे पुढे जाऊन थांबतात आणि तिथे लांडगा उभा असतो. लांडग्याचं तोंड हललं. "अहं," आनंदाबाईंनी म्हटलं, "खाल्ली म्या तुही माय. माजली होती. तेवढं मध वाचलं जंगलातलं." पिल्लाचे डोळे भरून आले. ते चित्रात होतंच. पहिलीतली दोन पोरं रडायला लागली. अंकितने टीव्हीच्या दिशेने मूठ उगारली. सगळा वर्ग लांडग्याचा वैरी झाला. आनंदाबाईंच्या छातीत बऱ्याच दिवसांनी ऊब आली. भूक लागल्यावर पहिला घास पोटात जावा तशी.

खिचडी वाढताना आचल ताट घेऊन शेवटी आली. आज तिच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं.

"आजी, लांडग्यानं खरंच खाल्लं का पिल्लाच्या मायले?"

"खाल्लं."

"चित्रात तं नाई दिसलं."

आनंदाबाईंचा झारा थांबला. "सगळंच चित्रात दिसत नाई, बाई. काई काई लपवून करतात."

आचलने ताटाकडे पाहिलं. "मंग तुमाले कसं माहीत?"

आनंदाबाईंनी तिच्या ताटात आणखी एक झारा वाढला. त्या दिवशी त्यांना पोरीचा राग आला. मग आपल्याला पोरीचा राग आला याचा राग आला. पण लांडगा सोडवत नव्हता.

सोमवारी भैयाजी आले. इस्त्रीचा बुशशर्ट, हातात मोबाइल, सोबत घाबरलेले सर.

"अहं. काय सिनेमा चालू हाय इथं?"

"जनावरायचा हाय, भैयाजी," आनंदाबाई म्हणाल्या. "पोट्ट्यायसाठी."

"थो लांडगा माह्यासारखा बोलते म्हणतात."

"कोन म्हणते?"

भैयाजी थबकले. लांडगा माझ्यासारखा बोलतो, हे पुढे नेलं तर लांडगा काय बोलतो तेही आपल्याच तोंडाने सांगावं लागेल, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"मी लांडग्याचं बोलतो," आनंदाबाई म्हणाल्या. "तुमचं कायले बोलीन? आपला काई संबंध नाई."

हे त्या स्वतःच्या आवाजात म्हणाल्या. त्यामुळे भैयाजींना जास्त लागलं.

"ठीक हाय. शनिवारी पालकायची सभा घ्या, सर. सगळ्यायले बोलवा. मी बी पाहीन सिनेमा. मंग समिती ठरवन, खिचडी कोन रांधते थे. समजलं का नाई?"

ते गेल्यावर सर म्हणाले, "मावशी, मिटवून टाका ना. तुमची चौदा वर्षं आहेत."

"माहं कुत्रं सहा वर्षांचं होतं, सर."

शनिवारी वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. मुलं खाली सतरंजीवर, आया भिंतीला टेकून, गडीमाणसं खिडक्यांपाशी. बाकावरचे चौघेही आले होते. भैयाजी पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, पायावर पाय टाकून. आनंदाबाई टीव्हीच्या बाजूला परात, झारा आणि शेंगांचा डबा घेऊन उभ्या राहिल्या. त्यांनी शेवट मनात रचून ठेवला होता. चौघे मित्र लांडग्याला कड्यावरून ढकलतील आणि पडता पडता तो म्हणेल, 'आपला काई संबंध नाई.' मग सगळं गाव हसेल. बाकावर हसलं होतं तसं.

सिनेमा सुरू झाला. सुरुवात उत्तम गेली. बदकाने हशा मिळवला. आयासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मग चौघे एका दाट रानात शिरले, आणि तिथे झाडाझाडांत शिकाऱ्यांनी तारेचे फास लावलेले होते.

तार दिसताच आनंदाबाईंच्या हातातला डबा थांबला.

पिल्लू पुढे धावलं. फास अगदी त्याच्या मानेसमोर. आणि मागून करडं काहीतरी झेपावलं. लांडग्याने पिल्लाला धडक देऊन बाजूला पाडलं आणि त्याचा स्वतःचा पाय फासात गेला. तार आवळली. बर्फावर लाल थेंब पडले. तरी तो ओढत ओढत पुढे गेला आणि नाकाने एका खड्ड्याकडे दाखवू लागला. खड्ड्यात पिल्लाची आई होती. जिवंत. एवढे दिवस तो त्यांच्या मागे मागे फिरत होता तो त्यांना इथे आणायलाच.

"आजी, थो तं वाचवून राह्यला," जागृती म्हणाली.

"त्यानं नाई खाल्ली मायले," कोणीतरी म्हणालं.

आनंदाबाईंना बोलता येईना. चित्र पुढे चाललं होतं आणि खोली मुकी झाली होती. पडद्यावर चौघांनी मिळून अस्वलीण बाहेर काढली. आचल गुडघ्यांवर उठून बसली होती. तिचा चेहरा उजळला होता.

"अहं. काय झालं, बाई?" भैयाजी खुर्चीत मागे रेलले. "आवाज बसला का?"

खिडकीपाशी वासुदेवराव फिसकन हसले. मग दुसरा हसला. तेच हसणं, बाकावरचं. ते आनंदाबाईंच्या कानात शिरलं.

पडद्यावर लांडगा सगळ्यांसमोर मान खाली घालून बसला. आणि तो बोलू लागला. एवढ्या सिनेमात तो पहिल्यांदा लांबलचक बोलत होता. काय बोलत होता ते जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणाला तरी माहीत असेल. खापरझरीत ते फक्त आनंदाबाईंच्या हाती होतं.

त्यांनी झारा खाली ठेवला.

"अहं," लांडगा म्हणाला.

आवाज तोच होता. पण त्यातली चेष्टा गेली होती. मुलं हसायला तोंड उघडून तशीच राहिली.

"तार माही होती. डुकरासाठी लावली होती. डुक्कर आलं नाई, दुसराच आला. लेकरायच्या मागं चालणारा होता थो. त्याच्या गळ्यात घुंगरू होतं."

खुर्चीवरचा वरचा पाय खाली आला.

"लोकायले मी सांगतलं, वाघरानं नेलं. लोक हासले. मले बरं वाटलं, कारन लोक हासले म्हणजे कोनी इचारत नाई." लांडग्याने जखमी पाय चाटला. आनंदाबाई थांबल्या. आता काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते खोटं आहे हेही ठाऊक होतं. "घुंगरू मले ऐकू आलतं. मी जागाच होतो. थो तडफडून राह्यला होता आणि घुंगरू वाजून राह्यलं होतं. उठून बटन बंद केलं असतं तं वाचला असता. पन थंडी होती. मी उठलो नाई. पडल्या पडल्या ऐकत राह्यलो, थे बंद होईपर्यंत. समजलं का—"

"खोटं हाय हे."

भैयाजी उभे राहिले होते. खुर्ची मागे सरकून एका मुलाच्या पाठीला लागली.

"घुंगरू नाई ऐकू आलं मले. झोपलो होतो मी. बिलकुल झोपलो होतो. ऐकू आलं असतं तं काय उठलो नसतो का? माणूस हाव का कोन हाव मी? सकाळी पाह्यलं तवा थो थंडा झाला होता..."

ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं, तोवर ते सगळ्यांना ऐकू आलं होतं.

कोणी हसलं नाही. वासुदेवराव स्वतःच्या चपलांकडे पाहत होते. टीव्हीवर प्राणी मुक्याने नाचत होते, आणि सरांना ते बंद करायचं सुचलं नाही.

भैयाजींनी "अहं" केलं. सवयीने. आणि सबंध वर्गाला तो लांडग्याचा वाटला. पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं सगळ्यांना दिसलं. ते त्यांनी म्हटलं नाही. म्हणण्यासारखं ते आता राहिलं नव्हतं.

"आबाजी," आचल म्हणाली, "मंग भुऱ्या कुठं हाय?"

भैयाजींनी आनंदाबाईंकडे पाहिलं नाही. नातीकडे पाहिलं.

"धुऱ्याच्या बाभळीखाली. पुरला म्या."

एवढं बोलून ते माणसांतून वाट काढत बाहेर पडले.

आनंदाबाईंना वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपण मोठ्याने काहीतरी बोलू. महिनाभर त्यांनी ते बोलणंही घासून ठेवलं होतं. पण त्यांनी परात उचलली आणि त्या खिचडीकडे गेल्या. चुलीवर पाणी आधणाला आलं होतं.

दुपारी मुलांना घेऊन त्या बाभळीपाशी गेल्या. माती ठोकून बसवलेली होती, वर दगड ठेवले होते. धुऱ्यावर खुंट्या नव्हत्या. त्या उपटलेल्या जागी ताजी भोकं होती. मुलांनी झेंडूची फुलं आणली होती ती ठेवली. आचल थोडी लांब उभी होती. जागृतीने जाऊन तिला हाताला धरून आणलं.

सोमवारी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला पट्टा अडकवलेला सापडला, घुंगरासकट. कोणी ठेवला ते कोणी विचारलं नाही. खिचडी कोण रांधणार हा विषय समितीत निघाला नाही.

"आजी," सुट्टीत आचल येऊन उभी राहिली, "शनिवारी पुन्हा पहिल्यापासून लावते म्हणतात सर."

"लावू दे."

"लांडग्याले दुसरा आवाज द्यान का?"

आनंदाबाईंनी तांदूळ निवडता निवडता मान हलवली. "माह्याजवळ त्याच्यासाठी दुसरा नाई."

आचल गेली नाही. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. "मंग एक करा. आबाजी झोपले होते. जागे होते असं नका म्हणू. आणि लांडग्यानं मायले खाल्लं असं बी नका म्हणू. नाई खाल्लं त्यानं."

आनंदाबाईंनी सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला. मग दुसरा. पोरीचं म्हणणं खरं होतं, आणि त्या खऱ्याशी त्यांनाही स्वतःला बांधून घेणं भाग होतं. महिनाभर त्यांनी दुसऱ्याकडून तेच मागितलं होतं.

"तेवढं काढून टाकतो," त्या म्हणाल्या. "बाकीचं राहीन."

"बाकीचं राहू द्या," आचल म्हणाली.

शनिवारी सिनेमा पहिल्यापासून लागला. बदकाचे पाय भिजले, घोडा दमला, लांडगा टेकडीवर आला. मुलांना आता सगळं पाठ होतं, तरी ती तशीच हसली. ठशांपाशी लांडगा उभा राहिला तेव्हा आनंदाबाईंनी त्याला गप्प ठेवलं. चित्रात होतं तेवढंच दिसू दिलं. सरांनी त्या दिवशी मध्ये थांबवलं नाही.

शेवटाजवळ रस्त्यावर मोटरसायकलचा आवाज आला आणि शाळेच्या कुंपणाशी येऊन थांबला. खिडकीतून आनंदाबाईंना इस्त्रीचा बुशशर्ट दिसला. भैयाजी गाडीवरून उतरले नव्हते. एक पाय जमिनीवर टेकवून, रस्त्याकडे पाहत ते बसून होते.

पडद्यावर लांडग्याने मान खाली घातली.

"अहं. तार माही होती," आनंदाबाईंनी सुरुवात केली. "डुकरासाठी लावली होती. मी झोपलो होतो. सकाळी पाह्यलं. मंग लोकायले खोटं सांगतलं, आणि लोक हासले."

बाहेर गाडी सुरू झाली नाही. आनंदाबाईंनी आवाज उतरवला नाही. उलट खिडकीकडे तोंड करून थोडा चढवला, म्हणजे कुंपणापर्यंत एकही शब्द गाळला जाऊ नये. मुलं त्यांच्याबरोबर ओठ हलवत होती. आचलही हलवत होती.

लांडग्याचं बोलून झालं, अस्वलिणीने त्याच्या पायाची तार दाताने तोडली, तेव्हा कुठे मोटरसायकल सुरू झाली आणि तुरीच्या शेताकडच्या रस्त्याने निघून गेली.